पूल झाला का?

दिवेलागणीच्या जरा आधी एक फेरीवाला मार्लहर्स्टच्या फाटकाशी आला. पाठीवर सुया, दोरे आणि फितींचं गाठोडं, पायांत चिखलानं जड झालेले बूट. शेजारच्या गावाचा रस्ता कुठला, असं त्यानं विचारलं, आणि गस्तीला बसलेल्या विल्किननं चेहरा अगदी साळसूद ठेवून त्याला दलदलीकडची वाट दाखवली. बिचारा आभार मानून निघालासुद्धा. तो वळणाआड गेल्यावर विल्किन आणि त्याचा जोडीदार ड्रू पोट धरधरून हसले.

ओडोबाबा हसला नाही. पोरांबरोबर शेकत बसायला आलेला तो म्हातारा उठला, काठी घेतली आणि फेरीवाल्यामागं चालू लागला. बऱ्याच वेळानं परत आला तो धापा टाकत. फेरीवाल्याला त्यानं दलदलीच्या तोंडाशी गाठलं होतं आणि खऱ्या रस्त्याला लावून दिलं होतं.

"गंमत केली हो बाबा," विल्किन ओशाळून म्हणाला. "गुडघाभर चिखलात गेला असता, मला शिव्या देत परत आला असता. तेवढ्यानं मरतंय थोडंच कुणी?"

"मरतं," ओडोबाबा म्हणाला आणि शेकोटीशी बसला.

ड्रूनं बियरचा मग त्याच्यापुढं सरकवला. "झालं, आता गोष्ट येणार. विल्किन, तुझ्यामुळं हं!"

"ऐकायची नसेल तर झोपा. गस्तीवर झोपलात म्हणून सकाळी दंड झाला की माझ्याकडं रडत येऊ नका." म्हाताऱ्यानं मग उचलला, पण प्यायला नाही. "यातलं बरंचसं मी पाहिलेलं नाही. ज्यानं पाहिलं त्यानं मला सांगितलं. आणि तेव्हा खोटं बोलून त्याला मिळेल असं काही उरलं नव्हतं."

त्यानं सांगितलं ते असं.

सेंट ल्यूकच्या सणाची आदली रात्र होती. ऑक्टोबरातला शुक्रवार. हॅमो नावाचा शेतकरी परगण्याच्या गावी जायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं राजाचे न्यायाधीश बसणार होते. ते कित्येक वर्षांतून एकदा येत, आणि आले की साऱ्या परगण्यातली जुनी-नवी प्रकरणं उकरून काढत. हॅमोला साक्षीला बोलावलं होतं.

"सबीना दुपारीच गेली," त्याची बायको अमिस फडक्यात पाव आणि चीज बांधत म्हणाली. "पाद्रीबाबांच्या गाढवीवर बसून. सगळा गाव बरोबर होता. तुम्ही का नाही गेलात तेव्हा?"

"गायीचा खूर बघायचा होता."

"खूर!" अमिसनं गाठ करकचून मारली. "सकाळी बघितलात, दुपारी बघितलात. काय दिसतंय त्यात ते गायीला तरी सांगा."

हॅमोनं कंदील पेटवला. अमिस त्याच्याकडं न बघता म्हणाली, "चार शब्द तर बोलायचेत. मागं तपासनिसापुढं बोललात तेच. तेच बोलणार ना?"

"तेच."

"नाहीतर कुरण जाईल. आणि अहो... तुम्हीसुद्धा जाल."

"तेच बोलणार म्हटलं ना!"

तो बाहेर पडला. कुंपणापलीकडं ते कुरण अंधारात पसरलं होतं. ओढ्याकाठचं, गावातलं सगळ्यात चांगलं कुरण. आता हॅमोचं होतं. आधी थर्स्टनचं होतं. सबीना ही थर्स्टनची विधवा.

थर्स्टन हॅमोचा शेजारी. दोघं एका वयाचे, आणि एका गटातले. राजाच्या कायद्यानं गावातल्या पुरुषांचे दहा-दहाचे गट केलेले असत. एकानं गुन्हा केला की बाकीच्यांनी जबाब द्यायचा. हॅमो त्या गटाचा म्होरक्या. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बियर पिता पिता थर्स्टनचं एका माणसाशी भांडण झालं. शेजारच्या गावचा माणूस होता, पाणचक्कीवर कामाला. थर्स्टननं बाक उचलून मारला तो वर्मी बसला. माणूस जागच्या जागी गेला. थर्स्टन धावत चर्चमध्ये शिरला आणि वेदीला मिठी मारून बसला.

चर्चमध्ये शरण गेलेल्याला कुणी हात लावत नाही. तिथं बसून त्यानं राजाच्या तपासनिसापुढं गुन्हा कबूल करायचा आणि देश सोडून जायची शपथ घ्यायची. मग त्याला एक बंदर नेमून देतात. अनवाणी, बोडक्या डोक्यानं, अंगात गोणपाटाचा सदरा, हातात लाकडी क्रूस, अशा वेशात त्यानं राजरस्त्यानं चालत ते बंदर गाठायचं. राजरस्त्यावर आहे तोवर राजाचं अभय. रस्ता सोडून एक पाऊल आत पडलं की तो लांडगा. कुणीही मारावा. मारणाऱ्याला कुणी विचारत नाही.

थर्स्टननं शपथ घेतली. त्याला डोव्हर नेमून दिलं. त्याचं कुरण जहागीरदाराच्या ताब्यात गेलं आणि जहागीरदारानं ते खंडानं हॅमोला दिलं. इथवर कुणाचं काही चुकलं नव्हतं.

पण गावात एक बोलणं चालू होतं. भांडणात झालेला खून हा, ठरवून केलेला नव्हे. वसंतापर्यंत राजा माफी देईल. थर्स्टन परत येईल. आणि परत आला की...

हॅमो ते ऐकायचा आणि कुरणाच्या कुंपणाशी उभा राहायचा. गवत कमरेइतकं वाढलेलं होतं.

"मग त्यानं काय केलं?" ड्रूनं विचारलं.

"फार काही केलं नाही," ओडोबाबा म्हणाला. "म्हणून तर."

शपथ घेतलेल्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं काम हॅमोकडं आलं. कापणीचे दिवस होते, बरोबर यायला कुणाला सवड नव्हती. पहाटे दोघंच निघाले. धुकं होतं. थर्स्टन कितीतरी दिवस त्या अंधाऱ्या चर्चमध्ये बसून होता, त्याला नीट चालता येत नव्हतं. पण एखाद्या सुटलेल्या पोरासारखा तो बोलत होता. कापणी कशी आहे, पाद्रीबाबा किती घोरतो, सबीना तिच्या भावाकडं जाईल का...

शिवेअलीकडं एका मोठ्या ओकपाशी फाटा आहे. खालचा रस्ता ओढ्यावरच्या पुलावरून जातो, तो राजरस्ता. वरची वाट ओकच्या जंगलात शिरते. त्या वर्षी वसंतातल्या पुरानं पूल वाहून गेला होता. तेव्हा राजाच्या माणसानं बाजारात उभं राहून पुकारा केला, की पूल होईपर्यंत वरची वाट हाच राजरस्ता धरावा. मग पूल झाला. राजाचा माणूस पुन्हा आला आणि पुकारा केला, की आता खालचा रस्ता पुन्हा राजरस्ता, वरची वाट नव्हे. हा दुसरा पुकारा झाला तेव्हा थर्स्टन चर्चमध्ये होता.

फाट्यावर तो थांबला. क्रूस या हातातून त्या हातात घेतला. धुक्यात चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"पूल झाला का रे, हॅमो?"

सहज विचारलं. शेजाऱ्याला विचारावं तसं.

"नाही अजून," हॅमो म्हणाला. "वरनंच जायचं."

पाणचक्कीवरच्या त्या मेलेल्या माणसाचे दोन भाऊ जंगलात दबा धरून बसले होते. कुठल्या पहाटे निघणार, ते हॅमोनं आदल्या आठवड्यात पाणचक्कीवर पीठ दळून घेताना त्यांच्या कानावर पडेल असं बोलून टाकलं होतं. "तो वरच्या वाटेला वळला तर माझा काही इलाज नाही," असंही बोलला होता. बस्स. एवढंच.

थर्स्टन ओरडलासुद्धा नाही. वेळच मिळाला नाही.

अशा माणसाचं डोकं राजाच्या किल्ल्यात पोचवायचा रिवाज आहे. भावांनी ते पोचवलं. धड तिथंच वाटेकडेला पुरलं, कारण रस्ता सोडून पळालेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. हॅमोनं तपासनिसापुढं शपथेवर सांगितलं, की तो माझ्या हाताला हिसका देऊन जंगलात पळाला. सगळ्यांनी मान डोलावली. फक्त सबीनानं नाही. आणि चार वर्षांनी न्यायाधीश येणार असं कळलं तेव्हा तिनं तक्रार घातली, की माझा नवरा पळाला नाही, त्याला कुणीतरी फसवलं. आता हॅमोनं पुन्हा तेच सांगितलं की तक्रार खोटी ठरणार आणि सबीना तुरुंगात जाणार. खरं सांगितलं तर कुरण जाणार आणि मानही.

हे सगळं डोक्यात घेऊन हॅमो चालला होता. कंदिलाचा उजेड पायांपुरता. चंद्र उशिरा उगवणार होता. तो स्वतःला समजावत होता: चार शब्द. एकदा बोललेले आहेत. दुसऱ्यांदा बोलायला काय जड? आणि सबीनाला तरी कुणी सांगितलं होतं मेलेलं उकरायला? तुरुंगात गेली तरी दोन महिन्यांत सोडतील. तिच्या भावाला तो गुपचूप एक मेंढी देईल. दोन देईल.

फाटा जवळ आला तसं धुकं उतरलं.

मागं चिखलात पाय वाजले.

तो थांबला. पाय थांबले.

कुणीतरी उशीर झालेला गावकरी असेल. हॅमोला बरंच वाटलं. "कोण ते? या, कंदील आहे माझ्याकडं."

उत्तर आलं नाही. पाय पुन्हा चालू लागले. बूट नव्हते. चिखलातून अनवाणी पाय उचलला की एक चोखल्यासारखा आवाज येतो. तो आवाज. एक पाय जरा ओढत टाकलेला. बसून बसून गुडघे आखडलेल्या माणसाचा.

हॅमोनं मागं वळून पाहिलं नाही.

"पूल झाला का रे, हॅमो?"

आवाज मागून आला नाही. पाय मागं होते. आवाज पुढून आला... दुरून... धुक्यापलीकडून, जिकडं परगण्याचं गाव आहे तिकडून. जिकडं राजाचा किल्ला आहे.

"आई गं," विल्किन म्हणाला.

"गप," ड्रू म्हणाला, पण तोही शेकोटीला जरा सरकला.

हॅमो बोलला नाही. पाय त्याच्या शेजारून पुढं गेले. कंदिलाच्या उजेडात फक्त ते पायच दिसले. पिंढरीपर्यंत चिखल. वर गोणपाटाची फाटकी कड. त्याहून वर उजेड पोचत नव्हता. कंदील जरासा उचलला असता तर पोचला असता.

त्यानं उचलला नाही.

पाय फाट्यावर थांबले. थोडा वेळ उभे राहिले, वाट पाहिल्यासारखे. मग वळले. वरच्या वाटेनं जंगलात शिरले. पाचोळा वाजत गेला, वाजत गेला... आणि मग एक आवाज झाला. लाकडावर कुऱ्हाड बसते तसा. पण लाकडाचा नव्हे.

मग काही नाही.

हॅमो पळत सुटला. खालच्या रस्त्यानं, पुलाकडं. पूल ओलांडला की झालं, पुढं वस्ती, कुत्री, माणसं. उतार लागला, ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आणखी जरा. आणखी जरा...

समोर ओक होता. फाट्यावरचा ओक.

धुक्यात आपण गोल फिरलो, त्यानं स्वतःला सांगितलं. होतं असं.

मागं चिखलात पाय वाजले.

"पूल झाला का रे, हॅमो?"

तोच आवाज. राग नाही. रडणं नाही. जरासं सर्दी झालेलं नाक, थंड फरशीवर झोपल्यानं होतं तसं. विचारणाऱ्याला खरोखर ठाऊक नव्हतं. जंगलात आपलं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. दर वेळी तो नव्यानं येत होता, विचारत होता, थांबत होता. शेजारी काय सांगतो ते ऐकायला.

आणि शेजारी काही सांगत नव्हता.

पाय पुढं गेले. थांबले. वळले. पाचोळा. तो आवाज.

हॅमो चिखलात गुडघ्यांवर बसला. त्याला येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना त्यानं म्हणून टाकल्या. एकही पुरी होईना. मधेच ते पाय ऐकू यायचे. चार वर्षं, त्याच्या मनात आलं. मी घरात बिछान्यात असताना. कुरणात गवत कापत असताना. नाताळात हंस भाजत असताना. चार वर्षं हा इथं...

पाय आले. अगदी जवळ. थांबले.

"पूल झाला का रे, हॅमो?"

"झाला," हॅमो म्हणाला.

ओढासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"झाला, थर्स्टन. तेव्हाच झाला होता. मला माहीत होतं. वरच्या वाटेला जाऊ नकोस. ती... ती राजाची वाट नाही."

काही नाही.

कंदिलाची वात फुरफुरली.

काही नाही.

मग दुरून, किल्ल्याकडून, तोच सर्दीनं भरलेला आवाज: "बरं झालं. वरनं चढ फार आहे रे. पाय दुखतात."

पाय फाट्यावर गेले. थांबले नाहीत. खालच्या रस्त्याला वळले. उतारावरून ते जाताना ऐकू आले, मग पुलाच्या फळ्यांवर ऐकू आले, एक पाय जरा ओढत, एकेका फळीवर. मग पलीकडच्या चिखलात. मग नाही.

हॅमो उजाडेपर्यंत तिथंच बसून होता. उजाडल्यावर पूल जिथं असायचा तिथंच होता. तो ओलांडून तो परगण्याच्या गावी गेला.

"मग खरं सांगितलं ना त्यानं?" विल्किन घाईनं म्हणाला. "न्यायाधीशांपुढं?"

"तुला काय वाटतं?" ओडोबाबा म्हणाला. "अंधारात मेलेल्याला सांगणं वेगळं. जिवंत माणसांपुढं, उजेडात, गळ्यावर दोर दिसत असताना सांगणं वेगळं. वाटेनं जाता जाता त्यानं पुन्हा ठरवलं. तेच चार शब्द."

कचेरी माणसांनी गच्च भरली होती. न्यायाधीश आपल्या फ्रेंचमध्ये काही बोलायचे आणि कारकून ते लोकांच्या भाषेत सांगायचा. सबीना पुढं उभी होती. वाळली होती. कारकुनानं हॅमोला शपथ दिली आणि विचारलं, थर्स्टन स्वतः होऊन रस्ता सोडून गेला का?

हॅमोनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी सबीनाच बोलली.

"मला एक सांगायचंय, साहेब. माझी चूक आहे यात."

कारकून तिला गप्प करायला गेला. न्यायाधीशानं हात वर केला.

"मी रोज चर्चच्या खिडकीशी त्याला पाव न्यायचे," सबीना म्हणाली. "रोज. गावातलं सगळं सांगायचे. कुणाची गाय व्याली, कुणाकडं पाहुणे आले. पूल झाला हे तेवढं सांगितलं नाही. डोक्यातच आलं नाही माझ्या. मला काय माहीत त्याला त्याच वाटेनं जायचंय! मी सांगितलं असतं तर तो वरनं गेला नसता. चार वर्षं झाली, साहेब, रोज रात्री मी ते सांगते त्याला. तेवढं एक सांगायचं राहिलं माझ्याकडून." मग ती हॅमोकडं वळली. "भावजी, तुम्ही जवळ होता. शेवटी माझ्यावर चिडला होता का तो?"

हॅमो तिच्याकडं बघत राहिला.

ती आपल्यावर आरोप करील असं त्याला वाटलं होतं. तो त्यासाठी तयार होता. चार शब्द तयार होते. पण ही बाई त्याचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन उभी होती, आणि त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिला असता तर ती ते मरेपर्यंत वाहत राहिली असती.

"त्यानं विचारलं होतं," हॅमो म्हणाला. "मला विचारलं होतं त्यानं. पूल झाला का म्हणून. मी नाही म्हणालो."

कारकून फ्रेंचमध्ये सांगायचं विसरला.

ओडोबाबा थांबला. शेकोटीतलं लाकूड त्यानं काठीनं आत सारलं.

"त्याला किल्ल्यातल्या कोठडीत टाकलं," तो मग म्हणाला. "ते दोघं भाऊ त्याच रात्री पळाले, पुन्हा दिसले नाहीत. मी तेव्हा तुमच्याएवढा. परगण्याच्या गावी मीठ आणायला गेलो की हॅमोला गजांतून पाव द्यायचो. अमिस माझ्या आईची मैत्रीण होती, ती पाठवायची. तेव्हा त्यानं मला हे सगळं सांगितलं. फाशी व्हायच्या आधीच तापानं गेला. शेवटी शेवटी म्हणायचा, ओडो, त्या रात्रीसारखे पाय आता वाजत नाहीत रे. आणि रडायचा. वाजत होते तेव्हा बरं होतं म्हणायचा."

"आणि सबीना?" ड्रूनं हळूच विचारलं.

"न्यायाधीशांनी तिला एवढं दिलं: नवऱ्याला चर्चच्या आवारात आणायची परवानगी. रस्ता त्यानं स्वतः होऊन सोडला नव्हता, म्हणून. महिनाअखेर आम्ही चौघं गेलो, कुदळी घेऊन. पाद्रीबाबा होते, सबीना होती. वरच्या वाटेला, एका ओकखाली. तिथली माती म्हणजे चिकणी, पिवळी. कुदळीला चिकटून बसते. हाडं लागली. क्रूस लागला. मी पायांकडून खणत होतो."

त्यानं आता पहिल्यांदा बियरचा घोट घेतला.

"पायांची हाडं ओली होती. गुडघ्यापर्यंत ओली. गुडघ्यावर सुकी माती, खाली पाणी. आणि वाळू. बारीक, पांढरी. बोटांच्या हाडांमध्ये सगळी वाळू भरलेली."

"चिकणमातीत वाळू?" विल्किन म्हणाला.

"पाद्रीबाबा वाकून बघायला लागले आणि मग तिथंच बसले खाली. ते म्हणाले, बंदरावर पोचलेल्याला जहाज मिळालं नाही तर त्यानं रोज समुद्रात गुडघ्यापर्यंत चालत जायचं असतं. मी शपथ पाळायला तयार आहे, हे दाखवायला. रोज. जहाज मिळेपर्यंत. असं म्हणाले आणि क्रूसाची खूण करत बसले. सबीनानं ती वाळू मुठीत घेतली."

"अहो बाबा, पण ह्या मातीत शिंपले, वाळू असलं काहीतरी निघतंच की," ड्रू म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "आमच्या विहिरीत किती निघाले! दगड झालेले."

"निघतात की. मी नाही कुठं म्हणतोय? दगड झालेले निघतात." ओडोबाबानं आपला उजवा हात शेकोटीच्या उजेडात धरला आणि तर्जनीकडं बघत राहिला. "टाचेपाशी एक लहान काळा शिंपला चिकटला होता. उघडा. काढावा म्हणून मी बोट लावलं..."

शेकोटी तडतडली.

"...तर त्यानं तोंड मिटून घेतलं."